पाच नंबर

आमच्या वडीगोद्रीला डोंगर नाही. अजिंठ्याची रांग लांब उत्तरेला, बालाघाट गोदावरीच्या पल्याड दक्षिणेला, आणि मधे हे आमचं काळ्या मातीचं ताट. सोलापूर-धुळे हायवेनं कधी गेला असाल तर आमच्या फाट्यावर चहाला थांबला असालही. जालन्याहून अंबडमार्गे येणारा रस्ता इथेच हायवेला येऊन मिळतो. चहा पिताना आजूबाजूला नजर टाकली असेल तर ऊस, कापूस आणि वर मोकळं आभाळ एवढंच दिसलं असेल.

आता अशा गावात बिनमोटारीचं विमान उडवायचं म्हणजे काय, हा प्रश्न रास्त आहे. ग्लायडर हवेत टिकतं ते उताराच्या जिवावर. वारा डोंगराला धडकतो, त्याला पुढे जायला जागा नसते, म्हणून तो वर वळतो. ग्लायडर आपलं कायम खालीच येत असतं, सेकंदाला पाऊण-एक मीटर. पण ज्या हवेतून ते खाली येतंय ती हवाच त्याहून वेगानं वर चालली असेल तर? वर जाणाऱ्या सरकत्या जिन्यावरून हळूहळू उतरणाऱ्या माणसासारखं ते उतरता उतरता वर जातं. म्हणून हा छंद असलेली मंडळी कामशेत, पाचगणीकडे धावतात. मीसुद्धा पुण्यात नोकरी करतो, पण माझी उडवायची जागा मात्र वडीगोद्रीच. कारण आम्हाला डोंगर नसला तरी कालवा आहे.

जायकवाडीचा डावा कालवा. पैठणला निघतो आणि 208 किलोमीटर जातो. एकंदर दिशा पूर्वेची, पण पाण्याला उतार सांभाळायचा असतो म्हणून जमिनीचा कल बघत वळणं घेत जातो. जिथे जमीन खोल तिथे कालवा मातीच्या भरावावरून नेलेला आहे. आमच्या शेताजवळ असंच एक वळण आहे. तिथे भराव शे-दीडशे पावलं साधारण दक्षिणोत्तर होतो, उंची दोन मजली घराएवढी, आणि पश्चिमेला मोकळं रान. जून ते ऑगस्ट पश्चिमेचा वारा त्या भरावावर असा येऊन बसतो की काय सांगू.

ही जागा मला अण्णांनी, म्हणजे वडिलांनी दाखवली. मी हायवेच्या पुलाजवळ वगैरे खटपटी करत होतो. अण्णा म्हणाले, "वारा पाहिजे ना तुला? मग उफणायला जिथं बसायचो तिथं जा." मळणीयंत्र यायच्या आधी ज्वारी उफणायची ती या भरावाच्या पायथ्याच्या खळ्यात नाही, तर जरा वर, उतारावर तिवई मांडून. पायथ्याला वारा मेलेला असतो, आणि अगदी माथ्यावर गेलं तर दाणेसुद्धा भुश्याबरोबर जातात. मधली एक पट्टी आहे तिथे वारा सारखा आणि भरवशाचा. मी नंतर बांबूला रिबीन बांधून भरावभर फिरलो. अण्णांची पट्टी तंतोतंत निघाली.

(जर्मनीतल्या ऑटो लिलिएंथालला हाच प्रश्न पडला होता. बर्लिन परिसर सपाट. मग त्यानं 1894 मध्ये लिश्टरफेल्डला वीटभट्टीच्या मातीचा 15 मीटर उंचीचा ढीगच रचून घेतला आणि त्यावरून स्वतः पंख बांधून उड्या मारल्या. आमचा ढीग पाटबंधारे खात्यानं फुकट रचून दिला.)

मी जी विमानं बनवतो ती साधी तरंगणारी नाहीत. त्यांना उलटंपालटं व्हायचं असतं. लूप, रोल, पाठीवर उडणं, कुशीवर उडणं. फ्रान्समध्ये डोंगराच्या अगदी अंगाला घासून असल्या कसरती करायची पद्धत आहे आणि तिथल्या लोकांनी त्याला 'व्हीटीपीआर' असं एक लांबलचक फ्रेंच नावाचं लघुरूप दिलंय. अर्थ एवढाच, की जमिनीच्या फार जवळ कसरत. अमेरिकेतलं 'ले फिश' नावाचं मॉडेल याच पठडीतलं. नावाप्रमाणे माशासारखं फुगीर, उभट अंग. कुशीवर झाल्यावर पंख आडवे राहत नाहीत, तेव्हा ते उभट अंगच थोडाफार पंखाचं काम करतं. माझ्या एक ते चार नंबरच्या विमानांची कथा सांगत बसत नाही. एक नंबर उडालं नाही, दोन नंबर उडालं पण वळलं नाही, तीन उसात हरवलं ते तोडणीला सापडलं, चार बरं होतं.

बनवायची रीत तशी घरगुती आहे. थर्माकोलचा ठोकळा, जुन्या शेगडीच्या कॉइलची तार सरळ करून धनुष्यासारखी ताणलेली आणि ट्रॅक्टरची बॅटरी. तापलेली तार थर्माकोलमधून लोण्यासारखी जाते. चिकटवायला पांढरा फेव्हिकॉलच. फेव्हिक्विक लावलंत तर ते थर्माकोल खाऊन टाकतं, हे मी एक पंख गमावून शिकलो. पंखात कार्बनची काडी, वरून पॅकिंगची टेप, आत चार छोटे सर्वो आणि एक बॅटरी. सगळं मिळून 250 ग्रॅमच्या आत. 2021 च्या ड्रोन नियमांत 250 ग्रॅमपर्यंतच्या वर्गाला 'नॅनो' म्हणतात आणि त्याला वैमानिकाचं लायसन लागत नाही, त्यामुळे आपण नॅनोतच बरे.

तर पाच नंबर. मे 2024 मध्ये, सुट्टीत बनवलं. एक मीटर पंख, 235 ग्रॅम. पंख बुडाशी 18 सेंटिमीटर रुंद आणि टोकाला निमुळते होत 9. आमच्याकडे कापशी घार असते, पांढुरकी, लाल डोळ्यांची, जी वाऱ्यात एका जागी फडफडत उभी राहून खालचा उंदीर बघते. तिच्या पंखांची टोकं मला लहानपणापासून आवडतात. पाच नंबरचे पंख मी तिच्यावरून काढले. चार संध्याकाळी नुसता कागदावर रेघ ओढत होतो. ओसरीवर टांगलं तेव्हा शेजारचे लोक बघायला आले. माझ्या हातून इतकी देखणी वस्तू त्याआधी झाली नव्हती, नंतरही नाही.

चाचणीचा एक नियम मी पुतण्याला पहिल्या दिवशी सांगितला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि प्रत्येक उड्डाण वहीत लिहायचं. पुतण्या तेव्हा आठवीतून नववीत गेलेला. वही त्याची, अक्षर त्याचं. रकाने आम्ही मिळून ठरवले. रिबीन (खाली, अर्धी, आडवी), वजन कुठे, काय केलं, काय झालं. वजन कुठे म्हणजे गुरुत्वमध्य. तो पुढे असला की विमान गरीब गाईसारखं चालतं, पण पाठीवर केलं की नाक खाली घालतं आणि काडी दाबून धरावी लागते. मागे सरकवला की विमान चपळ होतं, उलटंसुलटं सारखंच उडतं, पण फार मागे गेला की मग आपण फक्त प्रेक्षक. नक्की कुठे ठेवायचा हे कळायला विमान सुळकन खाली सोडायचं आणि काडीवरचं बोट काढायचं. स्वतःहून झटकन वर आलं तर वजन पुढे आहे. आणखीच खाली घुसायला लागलं तर मागे. हे करत तीन-तीन मिलिमीटर सरकायचं. कंटाळवाणं काम आहे. मला फार आवडतं.

पाच नंबर छान उडायचं. वारा ताशी वीस-पंचवीस किलोमीटर असला की भरावासमोर कापशीसारखं जागच्या जागी उभं राहायचं. लूप गोल, पाठीवरचं उडणं स्थिर. फक्त मधूनच, काही कळायच्या आत, एक पंख खाली पडायचा आणि विमान गिरकी घेत भरावात. नाक चेपलेलं, टेप फाटलेली. मी म्हणायचो, "वाऱ्याचा झोत आला." पुतण्या लिहायचा.

जुलैमध्ये ते सगळं बंदच ठेवावं लागलं. तुम्हाला आठवत असेल, 2024 च्या त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात आमचा भाग रोज टीव्हीवर होता. जूनमध्ये आमच्या गावात ओबीसी आरक्षणासाठी उपोषण झालं, शेजारी अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाचं आंदोलन त्याआधीपासून चालूच होतं. आणि त्यातच रात्री ड्रोन फिरतात अशा बातम्या सुरू झाल्या. जालना, बीड, संभाजीनगर, तिन्ही जिल्ह्यांत. कुणी म्हणे चोर टेहळणी करतात, कुणी म्हणे आणखी काही. विषय विधानसभेपर्यंत गेला. गावागावांत लोक काठ्या घेऊन रात्री जागायला लागले. आणि अशा दिवसांत मी शहाणा शनिवारी संध्याकाळी भरावावर विमान घेऊन उभा.

दहा-बारा जण आले. ओळखीचेच, पण त्या वेळी चेहरे ओळखीचे नव्हते. एकानं सरळ विचारलं, "कॅमेरा कुठंय यात?" मी विमान त्याच्या हातात दिलं. हे एक बरं केलं असं वाटतं. त्यानं उलटंपालटं करून बघितलं. थर्माकोल, टेप. "मोटर?" नाही. "मग उडतं कशावर?" वाऱ्यावर. यावर कुणाचाच विश्वास बसला नाही, आणि खरं सांगायचं तर का बसावा? मग मी उडवून दाखवतो म्हणालो. नेमका वारा पडलेला, रिबीन लोंबत होती. विमान हातातून सुटलं, सरळ रेषेत खाली खाली जात वीस-पंचवीस पावलांवर उसात शिरलं. क्षणभर शांतता. मग हशा. "याला ड्रोन म्हणत्यात व्हय!" म्हणून मंडळी परत गेली, आणि दोघांनी उसात शिरून विमान शोधूनही दिलं. माझ्या सगळ्या चाचण्यांमधली सर्वांत यशस्वी चाचणी तीच म्हणायची. तरी पोळा होईपर्यंत आम्ही पुन्हा भरावावर गेलो नाही. लोकांची झोप उडालेली असताना आपण हौस करू नये, असं अण्णांचं म्हणणं पडलं.

आता जे सांगायचं आहे ते पुढचं.

फेब्रुवारी 2025. अठ्ठावीस तारखेचा विज्ञान दिन, शाळेत भाषणं. पुतण्यानं विषय घेतला शिवकर बापूजी तळपदे. मी गावीच होतो, तर मला म्हणून दाखवलं. राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी, 1895 मध्ये, मुंबईच्या चौपाटीवर एका मराठी माणसानं विमान उडवलं, नाव मरुत्सखा, वगैरे. आवाज चढवून छान म्हटलं. ऐकून माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. किती उंच गेलं? कुणी मोजलं? दुसऱ्यांदा उडवलं का? त्या काळच्या मुंबईत वर्तमानपत्रं भरपूर होती, तेव्हाची बातमी कुठे आहे? तळपदे होऊन गेले, त्यांना विमानविद्येचा ध्यास होता, हे खरं. पण उड्डाणाचा भरवशाचा समकालीन पुरावा कुणाला दाखवता आलेला नाही. ज्या 'वैमानिक शास्त्र' ग्रंथाचं नाव त्यांच्याशी जोडलं जातं, तो 1974 मध्ये बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या अभ्यासकांनी तपासला. ग्रंथ विसाव्या शतकातला निघाला आणि त्यातली विमानं उडण्याजोगी नाहीत असा निष्कर्ष आला.

मग मी त्याला राइट बंधूंचं सांगितलं, जे मला फार प्रिय आहे. त्यांनीही आधी ग्लायडरच केली. 1901 चं ग्लायडर त्यांच्या हिशोबापेक्षा फारच कमी उचल देत होतं. तेव्हा त्यांनी वाऱ्याला दोष दिला नाही. घरी जाऊन लाकडी खोक्याचा वातबोगदा केला, त्यात दोनेकशे आकाराचे छोटे पंख तपासले, आणि आपण ज्या आकड्यांवर विसंबलो तेच धड नाहीत हे शोधून काढलं. 1902 च्या ग्लायडरनं त्यांनी सातशेहून जास्त उड्डाणं केली. "वहीत लिहिलेलं असतं बघ, त्याला पुरावा म्हणतात," असं मी वर म्हणालो. बोलताना मला स्वतःचं जरा कौतुकही वाटत असावं.

पोरगा उठला, आत गेला, आणि वही घेऊन आला.

"काका, यात तुम्ही वारा लिहायला सांगितलाय."

तीस उड्डाणं होती पाच नंबरची. त्यातल्या अकरा वेळा पंख पडला होता. 'काय झालं' या रकान्यात अकराच्या अकरा ठिकाणी माझ्या सांगण्यावरून लिहिलं होतं, वाऱ्याचा झोत. पण रिबिनीच्या रकान्यात त्यानं स्वतः बघितलेलं लिहिलं होतं. अकरापैकी आठ वेळा 'आडवी, हलत नाही'. म्हणजे वारा एकसारखा. आणि पेन्सिलीनं, समासात, बारीक अक्षरात प्रत्येक वेळी आणखी एक नोंद होती. 'जोरात ओढलं.' अकरापैकी दहा वेळा.

"मग तेव्हाच बोलला का नाहीस?"

"तुम्ही इंजिनिअर आहात ना."

यावर मी काय बोलणार? अण्णा ओसरीवर शेंगा फोडत बसले होते, तेही काही बोलले नाहीत. शेंगा फोडायचा आवाज तेवढा येत होता.

खरं म्हणजे मला आतून माहीत होतं. पंखाचं टोक जितकं अरुंद तितकी त्याच्यावरची हवा लवकर सुटते. छोट्या, हळू उडणाऱ्या विमानात तर फारच लवकर. कमी वेगात काडी जोरात ओढली की नाक उचललं जातं, टोकाजवळची हवा आधी सुटते, ती बाजू गपकन खाली. पंख मुरगळलेला असता तर कायम एकाच बाजूला पडला असता. वहीत डावा सहा वेळा, उजवा पाच वेळा. म्हणजे बनावटीत खोट नव्हती. रेघच चुकीची होती. साध्या ग्लायडरमध्ये यावर एक इलाज असतो, टोकाला थोडा पीळ देऊन त्याचं नाक खाली ठेवायचं. पण कसरतीच्या विमानाला तो चालत नाही, कारण पाठीवर झालं की तोच पीळ उलटा होऊन दुखणं वाढवतो. इलाज एकच, टोक रुंद करायचं. म्हणजे कापशीचा पंख जाणार. हे मला नको होतं, म्हणून मी नऊ महिने वाऱ्याला बोल लावत होतो. मधे एकदा वजन आणि शेपटीचा कोन दोन्ही एकदम बदलून माझाच नियमही मोडला होता, तेही वहीत होतं.

भाषणाचं त्यानं त्याचं ठरवलं. तळपदे काढून अमोल यादवांना घेतलं, ज्यांनी मुंबईत चारकोपला घराच्या गच्चीवर विमान बांधलं. 2016 च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी ते पाहिलं, 2017 मध्ये त्याची नोंदणी झाली आणि 2020 मध्ये धुळ्याला चाचण्या झाल्या. आमच्याच हायवेच्या दुसऱ्या टोकाला, असं एक वाक्य त्यानं घातलं, ते मला फार आवडलं. बक्षीस मिळालं नाही. तळपद्यांवर बोललेल्या मुलीला मिळालं. (मुलगी बोललीही चांगली म्हणे.)

सहा नंबर मे 2025 मध्ये केलं. बुडाशी 17 सेंटिमीटर, टोकाला 14. दिसायला फळीच. अण्णा म्हणाले, "हे धुणं बडवायला बरंय." पण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात वारा लागला आणि मी भरावासमोर काडी पोटापर्यंत ओढली, मुद्दाम, पाच नंबर जिथे हमखास पडायचं तिथे. विमान थबकलं, नाक हलवलं, आणि सरळ पुढे निघालं. पुन्हा ओढली. पुन्हा तेच. मग पाठीवर करून तसंच. त्या संध्याकाळी अंधार पडेपर्यंत आम्ही चौदा उड्डाणं केली. आता 'काय झालं' या रकान्यात काय लिहायचं ते मी सांगत नाही. तो लिहितो, मी घरी आल्यावर वाचतो.

पाच नंबर अजून ओसरीवर टांगलेलं आहे. पंख्याच्या वाऱ्यानं हलतं. उडवायचं नाही असं काही ठरलेलं नाही, पण उडवत नाही.

जुलैतल्या एका रविवारची नोंद इथे उतरवतो, पोराच्या शब्दांत. 'सहा नंबर, उड्डाण 41. रिबीन आडवी. वजन मागच्या खुणेवर. काकांनी पाठीवर केलं, 22 सेकंद. पंख पडला नाही. मग काका कापशी बघत होते. विमान कालव्यात.'

कालव्याला पाणी चालू होतं. अशा वेळी कुणीही पाण्याच्या बाजूनं उतरायचं नाही, ही अण्णांची सक्त ताकीद. त्यामुळे आम्ही दोघं भरावावरून पळतोय, खाली पाण्यात सहा नंबर पोट वर करून मजेत परतूरच्या दिशेनं चाललंय, असा देखावा बराच वेळ चालला. पुढच्या पुलावर एक म्हातारे शेळ्या घेऊन उभे होते. त्यांच्या हातात पाला तोडायची आकडी होती. त्यांनी वाकून ते अलगद पंखाच्या टोकाला धरून वर घेतलं, पाणी झटकलं आणि विचारलं, "कुणाचं पाट हाय हे?"